गेलेल्या स्टेशनाची पाटी

श्रोतेहो, गाडी थांबायची बंद झाली की स्टेशनाला उतरती कळा लागते. फलाटावर बाभळी माजतात, आणि दोन पिढ्यांत नावही पुसले जाते.

इंग्लंडातल्या ॲडलस्ट्रॉप या खेड्यात तसे झाले नाही. २४ जून १९१४ रोजी कवी एडवर्ड टॉमस यांची गाडी तिथे अवचित थांबली. त्या क्षणावर त्यांनी कविता लिहिली. १९६६ साली स्टेशन बंद झाले. गाड्या आता न थांबता पुढे जातात. पण स्टेशनाच्या नावाची जुनी पाटी गावच्या बसथांब्याच्या निवाऱ्यात लावलेली आहे. बाकावर ती कविताही आहे. बसची वाट पाहता पाहता माणूस गावचा इतिहास वाचतो.

आपल्याकडे असा कवी नसेल, पण वारकऱ्यांची गाडी होती ना! बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. १९०६ साली ती पंढरपुरास आणि १९११ साली लातुरास पोचली. २००१ नंतरच्या दशकात हा मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाला. उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, जोडण्यासाठी लातूरकडची वाट वळवली. जुन्या वाटेचा तेवढा तुकडा बाजूला पडला.

अशा जागी पाटी लावायला फार खर्च नाही. स्टेशनाचे नाव, पहिल्या आणि शेवटच्या गाडीचे साल, इथून कोणता माल जाई, एवढे पुरे. गुरुजी, मुलांना गावच्या म्हाताऱ्यांकडे पाठवा. त्यांनी सांगितलेली साले जुन्या कागदांशी ताडून पाहा. पाटी पुढच्या वर्षीही लावता येईल. सांगणारा माणूस तोवर असेलच असे नाही.