वळिवड्याचे निर्वासित

कोल्हापुराहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वळिवडें हें गांव आहे. राष्ट्रांच्या सीमा नव्यानें आंखल्या जाऊं लागल्या म्हणजे निरपराध माणसांवर काय प्रसंग ओढवतो, हें या गांवानें थोड्याच वर्षांत दोन वेळां पाहिलें.

प्रथम आले पोलंडचे लोक. सप्टेंबर १९३९ मध्यें जर्मनी व सोव्हिएट रशिया यांनीं पोलंड वांटून घेतला. पुढील वर्षीं पूर्व भागांतील लाखों नागरिकांची सायबेरिया व कझाकस्तानांत हद्दपारी सुरू झाली. १९४१ मध्यें जर्मनीनें रशियावर स्वारी केल्यावर त्यांना मोकळीक मिळाली, आणि त्यांतील कांहीं जण इराणमार्गें हिंदुस्थानांत पोहोंचले. १९४३ पासून सुमारें ५,००० जण, मुख्यतः स्त्रिया व मुलें, वळिवड्याच्या छावणींत राहिलीं. शाळा, चर्च व स्वभाषा यांच्या आधारें त्यांनीं आपलें राष्ट्रीयत्व जतन केलें. १९४८ मध्यें छावणी मोडली; परंतु पूर्व पोलंड सोव्हिएट राज्यांत गेल्यानें पुष्कळांचें मूळ घर तोंवर परकें झालें होतें.

त्याच बराकींत मग सिंधी निर्वासित आले. ब्रिटिश साम्राज्य आवरतें घेतलें जात असतां १९४७ मध्यें धर्माच्या पायावर देशाची फाळणी झाली. पंजाब व बंगाल विभागले गेले; सिंध मात्र सबंध पाकिस्तानांत गेला, आणि सिंधी हिंदूंना आपला म्हणावा असा प्रांतच उरला नाहीं. त्यांची वसाहत आज गांधीनगर या नांवानें व तेथील कापडपेठेमुळें सर्वत्र परिचित आहे.

या अनर्थाचें अत्यंत भीषण रूप त्यापूर्वीं तुर्की साम्राज्यांत दिसलें होतें. बाल्कन युद्धांत (१९१२-१३) युरोपांतील बहुतेक मुलूख गमावल्यावर उरलेलें राज्य तुर्कांचेंच असावें, ही कल्पना तेथील सत्ताधाऱ्यांत बळावली. पहिल्या महायुद्धांत रशियाकडून पराभव होतांच ख्रिस्ती आर्मेनियनांवर फितुरीचा आळ आला. २४ एप्रिल १९१५ रोजीं कॉन्स्टँटिनोपल येथें त्यांच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली. मागोमाग गांवेंच्या गांवें सीरियाच्या वाळवंटाकडे हांकण्यांत आलीं. कत्तल, भूक व रोगराई यांनीं दहा लक्षांच्या आसपास माणसें मेलीं, असें अनेक इतिहासकार मानतात.

या घटना एकसारख्या नव्हेत. आर्मेनियनांचा संहार झाला, पोल हद्दपार झाले, सिंधी भयानें निघून आले. परंतु माणसानें काय केलें याची चौकशी कोठेंच झाली नाहीं. तो कोणत्या समाजांत वा कुटुंबांत जन्मला, एवढेंच पाहिलें गेलें. राष्ट्रप्रेमानें पोलिश मुलांना परमुलखांत धीर दिला आणि राष्ट्राभिमानानेंच आर्मेनियनांचीं घरें उजाड केलीं. शेजाऱ्याचें घर निर्धास्त राहतें कीं नाहीं, यावरूनच त्याची पारख करावी.