कर्मचाऱ्यांचे पर्यावरणपूरक वर्तन

कामाच्या ठिकाणी वीज, पाणी, कागद, इंधन इ. साधनांचा अपव्यय टाळण्याच्या, कचऱ्याचे वर्गीकरण करण्याच्या वा प्रदूषण कमी करण्याच्या कर्मचाऱ्यांच्या कृतींस पर्यावरणपूरक वर्तन म्हणतात. त्याचे विहित व ऐच्छिक असे दोन प्रकार आहेत. कार्यशाळेतील वापरलेले तेल नियमानुसार साठविणे हे पहिल्याचे, तर जागेवरून उठताना पंखा बंद करणे हे दुसऱ्याचे उदाहरण होय.

घरी वाचविलेल्या विजेचा लाभ कुटुंबास मिळतो. कार्यालयाचे देयक मात्र संस्था भरते. त्यामुळे काटकसर ही प्रेरणा येथे दुर्बल ठरते. एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांनी (१९८५) बाह्य व आंतरिक प्रेरणांचा भेद विशद केला. केवळ बक्षिसासाठी केलेली कृती बक्षीस संपताच थांबण्याचा संभव असतो. आइसेक आयझेन यांच्या मते (१९९१) व्यक्तीची अभिवृत्ती, इतरांच्या अपेक्षा आणि कृती आपल्या आवाक्यात असल्याची जाणीव यांवर वर्तनाचा हेतू अवलंबून असतो. अमांडा कॅरिको व मान्युएल रीमर यांनी एका अमेरिकन विद्यापीठाच्या इमारतींत केलेल्या प्रयोगात (२०११) समूहाच्या वीजवापराची माहिती वेळोवेळी कळविल्याने वापर ७ टक्क्यांनी, तर सहकाऱ्यांकरवी केलेल्या प्रबोधनाने ४ टक्क्यांनी घटला.

वर्धा जिल्ह्यात या विचारास जुनी परंपरा आहे. वर्धा येथे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कार्यात जे. सी. कुमारप्पा यांनी स्थानिक साधनांच्या जपणुकीवर भर दिला. महात्मा गांधी पत्रांच्या कोऱ्या बाजू लेखनासाठी वापरीत. सेवाग्राम आश्रमात सफाई हे सर्वांचेच काम मानले जाई. त्यामुळे घाण करणारा व ती उचलणारा यांतील अंतर कमी होण्यास मदत झाली.

महाराष्ट्र शासनाच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात (प्रारंभ २ ऑक्टोबर २०२०) भूमी, वायू, जल, अग्नी व आकाश या पंचतत्त्वांच्या आधारे स्थानिक स्वराज्य संस्थांचे गुणांकन होते. कारंजा (घाडगे) येथील नगर पंचायतीसारख्या लहान कार्यालयात सर्व कर्मचारी एकमेकांस ओळखतात. त्यामुळे वरिष्ठांचे उदाहरण लवकर अनुकरले जाते, तसेच त्यांची हयगयही. वर्गीकृत कचरा अधिकाऱ्यांच्या दालनातच एकत्र होत असेल, तर सफाई कामगाराचे श्रम वाया जातात व त्याचा उत्साह मावळतो. म्हणून सोयीची साधने, परिणामांची नियमित माहिती आणि वरिष्ठांचे प्रत्यक्ष आचरण यांची जोड मिळाल्यासच असे वर्तन सवयीत रुजते. केवळ परिपत्रकाने ते साधत नाही.