पुठ्ठ्याच्या व्हायोलिनपासून ऑर्केस्ट्रापर्यंत

व्हेनेझुएलात वस्तीवस्तीतल्या मुलांच्या संगीतकेंद्राला 'नुक्लेओ' म्हणतात. अर्थतज्ज्ञ आणि संगीतकार होसे अंतोनिओ आब्रेऊ यांनी 1975 मध्ये काराकासमध्ये सुरू केलेल्या 'एल सिस्तेमा'ची ही केंद्रं. शाळा सुटली की मुलं इथे येतात. अगदी लहानांच्या हाती आधी 'कागदी ऑर्केस्ट्रा' येतो: पालकांच्या मदतीने पुठ्ठ्याचं व्हायोलिन करायचं, ते धरायचं कसं, जपायचं कसं हे शिकायचं, मग खरं वाद्य. मला ही पायरी फार मोलाची वाटते, कारण घरची माणसंही त्यात गुंततात. पुढचा बराचसा रियाज एकट्याने नाही, समूहात होतो आणि थोडं येणारा मुलगा नवख्याला शिकवतो. कार्यक्रमही लवकर, वारंवार होतात. तयारी पूर्ण होईपर्यंत मुलांना मंचापासून दूर ठेवत नाहीत.

व्हेनेझुएलातल्याच बार्कीसिमेतो शहरात 'एल सिस्तेमा'चा 'पांढऱ्या हातांचा' गायनवृंद आहे. त्यात कर्णबधिर मुलं पांढरे हातमोजे घालून हस्तमुद्रांनी गाणं सादर करतात. त्याच शहरातले गुस्तावो दुदामेल याच व्यवस्थेत घडले आणि 2009 मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राचे संगीत संचालक झाले. नोव्हेंबर 2021 मध्ये काराकासमध्ये 'एल सिस्तेमा'च्या 8,573 वादकांनी एकत्र चायकोव्स्कीची रचना वाजवून गिनेस विक्रम केला.