‘ब्रेड अँड बटर’ : एक की दोन?

इंग्रजी लेखनात आपल्या विद्यार्थ्यांना वारंवार अडविणाऱ्या प्रयोगांपैकी ‘ब्रेड अँड बटर’ हा एक होय. शब्द दोन आहेत. मग क्रियापद ‘इज’ घ्यावे की ‘आर’? याचे उत्तर पाठ करण्यापेक्षा समजून घेणे हिताचे, असे आम्हांस वाटते. त्याची किल्ली आपल्या मराठीतच आहे.

‘आज वरणभात केला आहे’ असेच आपण म्हणतो. ‘वरणभात केले आहेत’ असे कोणी म्हणत नाही. वरण आणि भात कालवले गेले की ते एकच अन्न होते. मात्र ‘वरण आणि भात हे दोन्ही पदार्थ संपले आहेत’ असे म्हणताना मनात दोन वस्तू असतात व क्रियापद अनेकवचनी होते.

इंग्रजीतही हाच विवेक आहे. लोणी लावलेला पाव हे एक खाद्य, म्हणून ‘ब्रेड अँड बटर इज माय ब्रेकफास्ट’ हे शुद्ध. पाव आणि लोणी वेगवेगळे ठेवले असतील, तर ‘द ब्रेड अँड द बटर आर ऑन सेपरेट शेल्व्हज’ असे लिहावे. दुसऱ्यांदा आलेला ‘द’ वस्तू दोन असल्याचे स्पष्ट करतो. आपल्या बेकरीत चहात बुडवून खाण्याचा खुसखुशीत ‘बटर’ मिळतो. इंग्रजी ‘बटर’ म्हणजे मात्र लोणी, हेही मुलांना सांगावे.

या प्रयोगाचा दुसरा अर्थ उपजीविका. ‘टीचिंग इज हर ब्रेड अँड बटर’ म्हणजे शिकविणे हे तिच्या चरितार्थाचे साधन. आपण ज्याला ‘भाकरीचा प्रश्न’ म्हणतो, तो इंग्रजीत ‘अ ब्रेड-अँड-बटर इश्यू’ होतो. येथे हे तीन शब्द पुढील नामाचे विशेषण झाल्यामुळे संयोगचिन्हांनी जोडावेत. एरवी ती चिन्हे नकोत.

नोकरीच्या अर्जातील एखादे चुकीचे क्रियापदही वाचणाऱ्याच्या नजरेत भरते. म्हणून या बारकाव्यांचे मोल लहान नाही. पण त्यासाठी मराठी माध्यमातील मुलाने स्वतःस उणे लेखण्याचे कारण नाही. नियमाचे मर्म त्याने घरीच आत्मसात केलेले असते. इंग्रजी न शिकलेली आईही अभ्यासाला बसलेल्या लेकराला विचारू शकते : ‘बाळा, तुझ्या मनातल्या ताटात पदार्थ एक आहे की दोन?’ उत्तर मिळाले की क्रियापदही मिळते.