दुसऱ्याच्या हाती दिलेले पुस्तक

दुसऱ्याच्या हाती गेलेले पुस्तक गेलेच म्हणून समजावे, आणि दैवयोगाने परत आलेच तर ते फाटून-विटून यावयाचे, अशा अर्थाचे एक सुभाषित आमच्या वाचकांपैकी अनेकांस पाठ असेल. ज्यांच्या घरी आजही देवघराच्या फडताळात लाल रुमालात बांधलेल्या पोथ्या आहेत, त्यांनी शेवटचे पान उलटून पाहावे. तेलापासून मला राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख, आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस, अशी विनवणी त्या पोथीच्याच तोंडी लेखकाने घातलेली पुष्कळदा आढळते. ज्याने महिनेच्या महिने पाठ मोडून एकेक अक्षर उतरविले, त्याने अशी धास्ती बाळगावी यात नवल नाही. युरोपातही निराळे नव्हते. इंग्लंडातील हेरफर्डच्या प्रार्थनामंदिरात पुस्तके लोखंडी साखळ्यांनी फळ्यांस जखडलेली आजही पाहावयास मिळतात.

आमचा धंदा या सुभाषिताच्या थेट विरुद्ध आहे. गेली तीस वर्षे आम्ही एका तालुक्याच्या गावी ग्रंथपालाचे काम करीत आहो, आणि रोज सायंकाळी पाच ते आठ या वेळात पुस्तके दुसऱ्याच्या हाती देणे हेच आमचे नित्यकर्म आहे. तेलाचे डाग, भाजीचे डाग, मुलांनी रंगविलेली मुखपृष्ठे, पानांत विसरलेली विजेची बिले, औषधांच्या चिठ्ठ्या आणि एकदा तर चक्क तुळशीच्या लग्नाच्या अक्षता, हे सर्व आम्ही या हातांनी झटकले आहे. पण खरे सांगावयाचे तर, तीस वर्षांपूर्वी जसेच्या तसे कोरे करकरीत कपाटात ठेवलेले आणि आजही तसेच असलेले पुस्तक पाहिले म्हणजे आम्हांस जितके वाईट वाटते तितके डाग पाहून वाटत नाही.

ग्रंथपालाचा धर्म कोणता हे ज्यांनी आपल्या देशास शिकविले, ते शियाळी रामामृत रंगनाथन् मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून ते रुजू झाले, आणि त्या ओसाड दालनातला एकांत त्यांस असा असह्य झाला की, आपणांस पुन्हा वर्गात घ्यावे म्हणून ते आपल्या जुन्या महाविद्यालयात विनवणी करू लागले. आधी लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून या, मग पाहू, असे त्यांस सांगण्यात आले. तेथील ग्रंथालयांत कामगारांपासून मुलांपर्यंत सर्वांची चाललेली वर्दळ पाहून ते परत आले ते कायमचे ग्रंथपाल होऊन. १९३१ साली त्यांनी आपले पाच नियम ग्रंथरूपाने मांडले. त्यांतला पहिला नियम लहान मुलासही कळेल असा आहे: पुस्तके उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक मिळावे हा दुसरा, आणि प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळावा हा तिसरा. उरलेले दोनही मोलाचे आहेत, परंतु आमची झोप उडविली ती या तिसऱ्याने. त्याचे कारण पुढे येईलच.

महाराष्ट्रात ही हौस रंगनाथनांच्या पूर्वीची. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे १८४८ चे, कोल्हापूरचे १८५० चे. ठाण्यास १८९३ साली आणि मुंबईस १८९८ साली खास मराठी ग्रंथांची संग्रहालये निघाली. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल आणवून खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरत्या ठेवण्याची व्यवस्था लावली. आणि दक्षिणेत मन्नारगुडीच्या बाजूस १९३१ साली पुस्तके बैलगाडीतून गावोगाव हिंडू लागली. अलीकडची गोष्ट म्हणजे २०१७ साली पाचगणीजवळच्या भिलार गावी लोकांनी आपल्या राहत्या घरांच्या ओसऱ्या व खोल्या पुस्तकांसाठी मोकळ्या करून दिल्या. बैलगाडी काय, ओसरी काय, पुस्तकाने माणसाकडे चालत जावे हाच त्यातला हेतू.

तथापि पुस्तक दारापर्यंत नेले म्हणजे काम संपले असे नाही. कोणते न्यावे? येथे शिफारशीचा प्रश्न येतो, आणि आमच्या मते ग्रंथपालाची परीक्षा येथेच होते. पारितोषिक जाहीर झाले की दुसऱ्या दिवशी दहा माणसे एकाच पुस्तकाची चौकशी करतात. त्यांना शिफारस नको असते, रांगेतला क्रमांक हवा असतो. खरा प्रश्न असतो तो कपाटांपुढे घुटमळून शेवटी “काहीतरी चांगले द्या” असे म्हणणाऱ्याचा. आरंभीची काही वर्षे आम्ही अशांस “आपणांस काय आवडते?” असे विचारीत असू. त्याचे उत्तर माणूस बहुधा स्वतःविषयीच्या आपल्या कल्पनेप्रमाणे देतो, आवडीप्रमाणे नव्हे. आता आम्ही विचारतो, “शेवटचे कोणते पुस्तक अर्धवट टाकलेत, आणि कुठे टाकलेत?” याचे उत्तर मात्र सहसा खरे येते.

चुकाही पुष्कळ केल्या. एका बाईंचे यजमान रुग्णालयात होते आणि त्यांस रात्री उशाशी बसून वाचावयास काही हवे होते. आम्ही मोठ्या शहाणपणाने एक गाजलेले विनोदी पुस्तक दिले. दुसऱ्या दिवशी ते परत आले. “मला हसवायला नको आहे. ज्यात काही घडत नाही असे काहीतरी द्या,” एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही ओशाळलो, आणि दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ काढून दिले. १९५६ सालचे हे पुस्तक चैत्रापासून एकेक महिना घेऊन झाडे, फुले, पाखरे, आकाश यांजकडे नुसते पाहत राहते. बाईंनी एका रात्री एक महिना असे ते वाचले. तेव्हापासून ज्या घरी दुखणेकरी आहे त्या घरी आम्ही हेच पुस्तक धाडतो.

संगणकाच्या नोकरीसाठी पुण्यास राहणारा एक तरुण सुटीत गावी येतो. त्यास इतिहासाचा कंटाळा. आम्ही त्याच्या हाती विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ ठेवला, पण इतिहास म्हणून नव्हे. घरावर कर्ज झाले म्हणून परमुलखी निघालेल्या एका माणसाची हकीकत म्हणून. वरसईचा हा भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेस जातो काय, सत्तावन्नच्या धुमाळीत सापडतो काय, झाशी पडताना तेथे असतो काय, आणि मिळविलेले बहुतेक सारे गमावून गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परततो काय! चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून लिहिलेले हे हस्तलिखित १९०७ साली त्यांनीच संस्कार करून छापले. मूळ बाडाबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. तरुणाने पुस्तक परत करताना एवढेच विचारले, “मग कर्ज फिटले का हो?” त्याच्याही डोक्यावर घराचे हप्ते आहेत हे आम्हांस मागाहून समजले.

सुनेस आणि सासूस एकच पुस्तक चालावे अशी मागणी आली तर आम्ही डोळे मिटून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ देतो. सोवळ्यात वाढलेल्या, पुढे नवऱ्याच्या धर्मांतराने आयुष्याची उलथापालथ झालेल्या या बाईने, तक्रारीचा सूर न लावता स्वतःस हसत हसत सारे सांगितले आहे. नवीन हवे असेल त्यास सध्या आम्ही कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ सुचवितो. २०२३ सालचे साहित्य अकादमीचे पारितोषिक तिला मिळाले म्हणून नव्हे. धरणापायी उठलेल्या गावातला माणूस मागे राहिलेल्या म्हशीच्या शोधात पुन्हा रानात शिरतो, एवढ्याशा धाग्यावर लेखकाने केवढा भार तोलला आहे ते पाहावे म्हणून. तीतील बोली शहरी वाचकास पहिली वीस पाने अडवील. अडवू द्यावी.

असो. आता तिसऱ्या नियमाकडे वळतो.

गेल्या वर्षी आषाढात आमच्याकडचे एक वृद्ध वर्गणीदार पुस्तकांची पिशवी घेऊन आले. वर्गणी त्यांच्या नावची, पण वाचणाऱ्या त्यांच्या पत्नी. हे गृहस्थ दर आठवड्यास केवळ हमालीचे काम करीत. चिठ्ठीवर लिहिलेली नावे आमच्यापुढे ठेवीत आणि पुस्तके तयार होईतो दाराशी वर्तमानपत्र चाळीत. त्या दिवशी चिठ्ठी नव्हती. पत्नी जाऊन महिना झाला होता. आम्ही वर्गणी बंद करून अनामत रक्कम परत करण्यासाठी खतावणी काढली, तो ते म्हणाले, “अनामत राहू द्या. हिने काय काय वाचले ते तुमच्याकडे लिहिलेले असेल ना? ते मला पहिल्यापासून क्रमाने द्या.”

आमच्याकडे संगणक येऊन बारा वर्षे झाली. त्यापूर्वीच्या देवघेवीच्या वह्या माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवलेल्या होत्या. त्या खाली उतरविल्या. काहींचे काठ वाळवीने खाल्ले होते, पण आकडे शाबूत होते. सभासद क्रमांकापुढे पुस्तकांचे दाखल क्रमांक, एवढीच ती नोंद. त्यावरून आम्ही पंधरा दिवस खपून यादी सिद्ध केली. वृद्ध गृहस्थांनी वाचन सुरू केले. चष्म्याचा नंबर बदलून घेतला. पहिल्या काही पुस्तकांविषयी ते काहीच बोलत नसत, मग एक दिवस म्हणाले, “ही मला मधूनच एखादे वाक्य वाचून दाखवी. मी हूं हूं म्हणत असे. ती वाक्ये आता भेटतात.”

यादीत एक दाखल क्रमांक चार वेळा आला होता. चार निरनिराळ्या वर्षी बाईंनी ते एकच पुस्तक नेले होते. स्वातंत्र्यापूर्वी छापलेला, आता कोणाच्याही स्मरणात नसलेल्या एका लेखिकेचा कथासंग्रह. आम्ही फळीवर पाहिले, जागा रिकामी. मग दाखलनोंदीची वही उघडली आणि त्या क्रमांकापुढे आमच्याच हस्ताक्षरात तांबड्या शाईने लिहिलेले आढळले: निर्लेखित.

निर्लेखन म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. जागा मोजकी आणि पुस्तके दरसाल वाढती, म्हणून जीर्ण व न वाचली जाणारी पुस्तके संग्रहातून कमी करावी लागतात. कार्यकारी मंडळाचा ठराव होतो आणि पुस्तके रद्दीत जातात. त्यापूर्वीच्या वर्षी आम्ही अशी दोन कपाटे रिकामी केली होती. दहा वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तके कोणती असे संगणकास विचारले, त्याने यादी दिली, आम्ही ती मंडळापुढे ठेवली. संगणकाचे काही चुकले नाही. त्याच्या वयाच्या आतले त्याने बरोबर सांगितले. बाईंच्या चारही फेऱ्या त्याच्या जन्मापूर्वीच्या होत्या, आणि पुढे दृष्टी मंदावल्यावर तो बारीक टाइप त्यांना वाचवेना. माळ्यावरच्या वह्या पाहाव्या हे आम्हांस सुचले नाही. या पुस्तकास त्याचा वाचक मिळालेला होता, चार वेळा मिळालेला होता, आणि आम्ही ते किलोच्या भावाने विकले.

ही गोष्ट त्या गृहस्थांस सांगणे प्राप्त होते. यादीतून क्रमांक गाळून टाकला असता तर त्यांस कळलेही नसते, असा विचार मनात येऊन गेला हे आम्ही कबूल करतो. सांगितले. ते थोडा वेळ त्या तांबड्या शब्दाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “तिने घरी त्याविषयी कधी काही सांगितले नाही. चार वेळा आणले, हे मला ठाऊकच नाही. आणीत तर मीच होतो.”

तेव्हापासून आम्ही शोधास लागलो आहो. अशा वेळी ज्यांचे स्मरण झाल्याखेरीज राहत नाही ते शंकर गणेश दाते. १८०० ते १९३७ पर्यंतच्या, आणि दुसऱ्या खंडात १९३८ ते १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची या गृहस्थांनी ग्रंथालये धुंडाळून जवळजवळ एकहाती सिद्ध केली. तिच्यात आमचे पुस्तक सापडले: लेखिका, प्रकाशक, साल, पृष्ठे, किंमत. आम्ही मराठी ग्रंथसंग्रह असलेल्या जुन्या ग्रंथालयांस पत्रे धाडली. काहींनी नाही म्हणून तत्परतेने कळविले. एका ठिकाणी नोंद निघाली पण पुस्तक फळीवर नव्हते. दोन ठिकाणांहून अद्याप उत्तर यावयाचे आहे. गावातल्या रद्दीवाल्याकडेही आम्ही जाऊन आलो. त्याने आम्हांस चहा पाजला.

दरम्यान मंडळापुढे आम्ही अर्ज ठेवला आहे की, यापुढे निर्लेखनाची यादी करताना जुन्या वह्याही पाहाव्या, आणि यादीतील पुस्तके रद्दीत घालण्यापूर्वी सहा महिने दाराजवळच्या मेजावर मांडावी. पहिली सूचना वेळखाऊ म्हणून पुढे ढकलली गेली. दुसरी मान्य झाली. मेजावरची बरीचशी पुस्तके तशीच पडून राहतात, हेही लपवीत नाही. पण गेल्या पंधरवड्यात एका शाळकरी मुलीने तेथून शेतकीवरचे एक जुनाट पुस्तक उचलले, त्यातील नांगराची चित्रे आवडली म्हणून.

वृद्ध गृहस्थ यादीत बरेच पुढे गेले आहेत. तो एक क्रमांक त्यांनी पेन्सिलीने गोल करून ठेवला आहे. दर गुरुवारी पिशवी मेजावर ठेवताना ते आधी टपाल आले का ते विचारतात, आणि मग पुढचे पुस्तक मागतात.