शेवटचं कुठं दिसला?

शुक्रवार, २० मे २०२२. दिल्लीहून आलेला चोवीस वर्षांचा एक अभियंता लोणावळ्याजवळ नागफणीच्या जंगलात एकटाच फिरायला गेला. दुपारी त्यानं फोन करून वाट चुकल्याचं कळवलं. थोड्याच वेळात फोन बंद झाला. पुढचे चार दिवस लोणावळा पोलीस, शिवदुर्ग मित्र मंडळाचे कार्यकर्ते, एनडीआरएफची तुकडी आणि आयएनएस शिवाजीचे नौसैनिक तो डोंगर विंचरत होते. ड्रोन उडाले, श्वानपथक आलं, घरच्यांनी एक लाखाचं बक्षीस लावलं. मंगळवारी, २४ तारखेला, खोल दरीत मृतदेह मिळाला.

म्हणजे माणूस सापडला, पण त्याचं शेवटचं चालणं सापडलं नाही. फोन बंद झाल्यावर तो कुठल्या बाजूला वळला, किती वेळ चालला, पाण्यासाठी उतरला की वाट दिसली म्हणून उतरला? पोलिसांच्या दप्तरी अशा घटनेचा शेवट ‘अकस्मात मृत्यू’ या नोंदीवर होतो. कारण लिहिलं जातं, कारणापर्यंतची वाट कोऱ्या कागदासारखी राहते. सह्याद्रीत हरवलेल्यांच्या हकिकती वाचू लागल्यापासून मला या कोऱ्या तासांचंच नवल वाटत आलं आहे. भुताखेतांचं, घातपाताचं, प्रेमभंगाचं सगळं रान याच तासांत माजतं.

वडगाव निंबाळकरच्या माणसानं हे लिहावं याचं कुणाला आश्चर्य वाटेल. आम्ही कालव्याकाठचे लोक. बारामती-नीरा रस्ता आणि नीरा डावा कालवा यांच्या आधारानं दिशा ओळखणारे. पाणी पश्चिमेकडून येतं, पूर्वेला जातं. एवढं कळलं की अमावास्येच्या रात्रीही पाळीचं पाणी द्यायला गेलेला गडी घरी परततो. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, डोंगर म्हणजे क्षितिजावरची निळी रेघ. पण आमच्या उसाचं पाणी त्याच रेघेआडून येतं. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी आणि वीर या चार धरणांचे साठे पावसाळ्यात इथं पंचांगासारखे वाचले जातात. आणि अलीकडे शनिवारी रात्री कारखान्याच्या पट्ट्यातली पोरं दुचाक्या काढून राजगडाला, तोरण्याला, रायरेश्वराला जातात. धरणाचा आकडा पाठ असलेल्या या पोरांना धरणामागचा डोंगर ठाऊक नसतो.

सपाटीवरही हरवण्याची एक जुनी समजूत आहे: चकवा लागणं. दोन पुरुष उंच उसातून किंवा माळावरून रात्री निघालेला माणूस तासन्‌तास चालतो आणि पुन्हा त्याच बाभळीपाशी येतो. चकवा लागला की खाली बसावं, उजाडेस्तोवर हलू नये, असं जुनी माणसं सांगत. मी हे थोतांड समजत असे. मग जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतले यान साउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २००९ मधलं संशोधन वाचनात आलं. त्यांनी माणसांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रं देऊन जर्मनीच्या बिएनवाल्ड जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ झाकलं आणि वाटा वाकल्या. जंगलातली माणसं आपल्याच पावलांच्या रेषा ओलांडत फिरत राहिली आणि कुणालाही ते कळलं नाही. डोळे बांधून चाललेल्यांची वर्तुळं तर कधी कधी वीस मीटर व्यासाइतकी लहान होती. एक पाय आखूड असल्यामुळे असं होतं हा समज त्यांनी खोडला. चुका लहान लहान असतात, पण बाहेरची खूण दिसेनाशी झाली की त्या दुरुस्त होत नाहीत आणि साचत जातात. चकव्याची एवढी साधी फोड मिळाली तरी ‘खाली बसा’ हा उपाय मात्र जसाच्या तसा खरा ठरतो. जगभरचे शोधपथकवाले हरवलेल्याला पहिलं सांगतात ते हेच.

सह्याद्रीत गोल फिरणं पुरत नाही, खाली पडणंही त्यात मिसळतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरले आणि हा डोंगर भाकऱ्यांच्या चवडीसारखा आडव्या थरांनी रचला गेला. कठीण थराचा कडा होतो, मऊ थराचा उतार आणि पदर. पदरात दाट झाडी, कारवीचं रान, त्याखाली पुन्हा कडा. वरून पाहणाऱ्याला कडा दिसत नाही, दिसतो तो खालच्या पदराचा हिरवा गालिचा आणि त्यापलीकडे गावाची कौलं. ‘हे काय, समोर तर गाव आहे’ असं वाटून माणूस नाळेत उतरतो. पहिला टप्पा घसरत निघतो. दुसरा उडी मारून. तिसऱ्याला खाली पन्नास फूट पोकळी असते आणि मागचा टप्पा परत चढता येत नाही. गावातले गुराखी म्हणतात, ढोरवाटेनं जावं, पाण्याच्या वाटेनं उतरू नये. ढोरवाट मात्र शहरातल्या माणसाला फसवते. गुरं चरायला जातात, पोचायला नव्हे, त्यामुळे ती वाट मळलेली असूनही मध्येच कारवीत विरून जाते.

आता शोधणाऱ्याच्या बाजूनं पाहू. बेपत्ता झाल्याची खबर आली की जाणता माणूस पहिलं विचारतो: शेवटचं कुठं दिसला? गट, कपडे, वय, स्वभाव हे सगळं नंतर. त्या एका बिंदूभोवती नकाशावर वर्तुळं पडतात. अमेरिकेतले रॉबर्ट कोस्टर यांनी अनेक देशांतल्या हजारो शोधमोहिमांच्या नोंदी जमवून २००८ मध्ये हरवलेल्या माणसांच्या वागण्यावर पुस्तक लिहिलं. समशीतोष्ण डोंगराळ भागातले निम्मे पदभ्रमंती करणारे त्या बिंदूपासून साधारण तीन किलोमीटरच्या आत सापडतात, असं त्यांचे आकडे सांगतात. आपल्या खड्या डोंगरात अंतर त्याहून कमी भरावं असा माझा अंदाज आहे, कारण इथं आडवं फार जाताच येत नाही.

पण हा बिंदूच बहुतेक वेळा संशयास्पद असतो. मित्र घाबरलेले असतात, वेळा मागेपुढे होतात, कुणी दारू लपवतं, कुणी बंदी असलेल्या ठिकाणी गेल्याचं लपवतं. मग सगळे मोबाइलच्या टॉवरकडे पाहतात. सिनेमातल्यासारखा नकाशावर लाल ठिपका तिथं उमटत नाही. पोलिसांना बहुधा टॉवर आणि त्याची बाजू एवढंच कळतं. जुन्या टूजी तंत्रात अंतर मोजलं तरी ते सुमारे साडेपाचशे मीटरच्या टप्प्यांत. घाटमाथ्यावर तर गंमतच. कड्याच्या तोंडाशी उभा असलेला फोन पायथ्याचा जवळचा टॉवर सोडून कोकणातल्या लांबच्या टॉवरला चिकटू शकतो, कारण मधे डोंगर नसतो. तपास मग भलत्याच तालुक्यात सुरू होतो. शिवाय रेंज शोधताना फोन जास्त ताकद लावतो आणि बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. कॉल लागत नसेल तिथं साधा एसएमएस जाण्याची शक्यता जास्त असते, एवढं तरी प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

ऑगस्ट २०२५ मध्ये सिंहगडावर काय झालं ते आठवून पाहा. मित्रांबरोबर आलेला चोवीस वर्षांचा तरुण तानाजी कड्याकडे लघुशंकेसाठी म्हणून बाजूला गेला आणि परतलाच नाही. पाऊस, धुकं. दिवसामागून दिवस शोध चालला. तेवढ्यात सीसीटीव्हीतल्या एका चित्रफितीत तोंड झाकून कुणीतरी धावताना दिसलं आणि त्यावरून नाना तर्क निघाले: त्यानंच बनाव रचला, कर्ज असेल, पळून गेला असेल. पाचव्या दिवशी तो जिवंत सापडला, थकलेला आणि गडाच्याच अंगाखांद्यावर. जिथं दर रविवारी पिठलं-भाकरी खायला हजारो लोक येतात त्या गडावर माणूस इतके दिवस दिसत नाही, हे मान्य करणं आपल्याला जड जातं. त्यापेक्षा कटाची गोष्ट रचणं सोपं.

दूर अमेरिकेतल्या मेन राज्यातली हकिकत याच्याशी विलक्षण जुळते. जुलै २०१३ मध्ये अपॅलाचियन वाटेवर एकटी चालणारी सहासष्ट वर्षांची निवृत्त परिचारिका शौचासाठी पायवाटेवरून बाजूला झाली आणि पुन्हा तिला वाट मिळाली नाही. तिनं नवऱ्याला पाठवलेले संदेश रेंजअभावी पोचलेच नाहीत. उंचावर जाऊन रेंज शोधली, मग तंबू ठोकून ती बसून राहिली. पुस्तकी नियमानं वागली म्हणा ना. किमान सव्वीस दिवस ती जिवंत होती, हे तिच्या रोजनिशीवरून कळतं. शोधपथकं फिरत होती, एकदा तर श्वानपथक जवळून गेलं होतं. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिचा तंबू आणि अवशेष मिळाले ते मूळ वाटेपासून सरळ रेषेत एक किलोमीटरच्याही आत. बसून राहणं उपयोगी पडतं ते कुणी नेमकं तिथं शोधणार असेल तर. ती बसली होती ते रान इतकं दाट होतं की वरून विमानालाही तंबू दिसला नसता.

मग अनुभवी माणूस हरवत नाही का? अरुण सावंत यांचं नाव जुन्या गिर्यारोहकांना नव्यानं सांगायला नको. सांदण दरीची ओळख ज्यांनी असंख्य भटक्यांना करून दिली, त्यांतलं हे मोठं नाव. १८ जानेवारी २०२० रोजी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ते गटासह रॅपलिंगसाठी गेले होते. संध्याकाळी ते दिसेनासे झाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृतदेह दरीत आढळला. आयुष्य कड्यांवर घालवलेला माणूस, भोवती दोर आणि सहकारी, तरी काही काळ कुणालाच सांगता येईना की ते नेमके कुठं आहेत. हिमाचलातल्या पार्वती खोऱ्यात याहून गूढ प्रकार घडला. रानात तगून राहण्याचं शिक्षण घेतलेला एक अमेरिकन प्रवासी २०१६ मध्ये एका साधूबरोबर मंतलाई सरोवराकडे गेला आणि नाहीसाच झाला. वस्तू मिळाल्या, माणूस नाही. पकडलेला साधू पोलीस कोठडीत मरण पावला आणि जे काही तो सांगू शकला असता ते त्याच्याबरोबर गेलं. इथं मात्र ‘जवळच असेल’ हा माझा हेका मला पुढं रेटता येत नाही.

गूढ वाढवणारी आणखी एक गोष्ट थंडी करते. सह्याद्रीत कुणी गारठून मरेल हे आमच्या उन्हाळी मुलखात पटत नाही. पण ऑगस्ट २०२३ मध्ये हरिश्चंद्रगडावर धुक्यात वाट चुकलेल्या पुण्याच्या सहा जणांपैकी एकाचा जीव गेला. बर्फ लागत नाही. भिजलेले कपडे, माथ्यावरचा वारा आणि रिकामं पोट पुरतं. शरीराचं तापमान फार उतरलं की काही जणांना अंगाची आग होते आहे असं वाटतं आणि ते कपडे काढून फेकतात. काही जण शेवटी झुडपाखाली, कपारीत शिरून बसतात. डॉक्टरांना हे माहीत आहे, गावाला नाही. झाडाखाली काढलेला सदरा आणि दूर कपारीत मृतदेह, एवढं दिसलं की बातमी ‘गूढ मृत्यू’ म्हणूनच छापून येते.

शोधात शेवटी उपयोगी पडतात ती तीच ठरलेली माणसं: पायथ्याच्या वाडीतले कातकरी, धनगर, मधाची पोळी काढणारे, आणि त्यांच्यासोबत उतरणारे लोणावळा-खोपोली-महाड-महाबळेश्वरचे गिर्यारोहक. राज्यभरच्या संस्थांनी एकत्र येऊन बचावासाठी समन्वय केंद्रही चालवलं आहे. यांतल्या बहुतेकांना मोहिमेचा एक पैसा मिळत नाही, दोरही स्वतःचे. आमच्याकडून पोरगा गेला तर घरचे आधी गावच्या ठाण्यात धावतात. डोंगर दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. कागद पोचेतो पहिली रात्र जाते. त्यापेक्षा ११२ लावून, शेवटचा फोन कुणाला, किती वाजता आणि काय बोलला हे एका कागदावर लिहून घेतलेलं बरं. आणि हो, त्याच्या फोनवर सतत रिंग देत बसू नये. त्याची बॅटरी आपणच संपवतो.

ज्यांचं काहीच मिळत नाही त्यांच्या घरचा हिशेब वेगळा. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले. पुढं एक देह त्यांचा म्हणून दहन झाला, तरी त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारलं नाही. याच अनिश्चिततेच्या जोरावर तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत पेशवाईला त्यानं घोर लावला. पार्वतीबाई १७८३ मध्ये गेल्या त्या सुवासिनी म्हणूनच.

आजचा कायदा सात वर्षं मोजतो. ज्यांना खबर असायला हवी त्यांना सात वर्षं काहीच खबर नसेल, तर माणूस जिवंत असल्याचं सिद्ध करण्याचा भार जो तसं म्हणतो त्याच्यावर येतो. पूर्वीच्या पुराव्याच्या कायद्याचं कलम १०८, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १११. मोठ्या दुर्घटनेत सरकार लवकर निर्णय घेऊ शकतं. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळल्यावर २७ मृतदेह मिळाले, चार दिवसांनी शोध थांबवला आणि ५७ बेपत्ता जणांना मृत मानण्यात आलं. एकट्यानं डोंगरात गेलेल्याच्या वाट्याला ही सोय येत नाही. सातबारावर वारस नोंद लागत नाही, सोसायटीचं कर्ज त्याच्याच नावे फिरत राहतं, कारखान्याचा शेअर बदलत नाही. सात वर्षं भरली तरी मृत्यूची नोंद आपोआप होत नाही, दिवाणी न्यायालयात जावं लागतं. आणि सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये आयुर्विमा महामंडळ विरुद्ध अनुराधा या खटल्यात स्पष्ट केलं की मृत्यू गृहीत धरता येतो, मृत्यूची तारीख गृहीत धरता येत नाही. तो हरवला त्याच दिवशी गेला असं म्हणून विम्याचा दावा करता येत नाही. पॉलिसी जिवंत ठेवायची, तर परत न आलेल्या नवऱ्याचे हप्ते बायकोनं सात वर्षं भरत राहायचे.