क्षारभूमीवरील व्याघ्र भुंगेरे

नदीकाठच्या वाळूवर उन्हाच्या वेळी चालताना एखादा चकचकीत कीटक आपल्या पावलांपुढून उडतो आणि दहा-बारा हातांवर पुन्हा उतरतो. हा व्याघ्र भुंगेरा होय. लांब पाय, फुगीर डोळे व कोयत्यासारखे जबडे ही त्याची ओळख. भक्ष्यामागे तो इतक्या वेगाने धावतो की, त्या वेगात त्याला नीट दिसत नाही; म्हणून तो मध्येच थांबतो, पाहतो व पुन्हा धाव घेतो. भारतात या कीटकांच्या २०० हून अधिक जाती आहेत. फाउलर यांनी १९१२ साली भारतीय प्राण्यांवरील ग्रंथमालेत त्यांपैकी तेव्हा ज्ञात असलेल्या जातींचे वर्णन केले.

एकाच जातीचे कीटक निरनिराळ्या प्रदेशांत थोडे निराळे दिसू लागले, तर त्यांना उपजाती म्हणतात. असे वेगळेपण का निर्माण होते? झाशीजवळून वाहणाऱ्या बेतवेचे उदाहरण घेऊ. तिच्या वाळूवर राहणाऱ्या कीटकाला काठाकाठाने यमुनेपर्यंत जाण्यास वाट असते. क्षारभूमीवरील कीटकाला अशी वाट नसते. रुक्ष वाळवंटातील ओलसर, खारट मातीचा पट्टा हे त्याच्या दृष्टीने एक बेटच होय.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात अशी पुष्कळ बेटे आहेत. हिमयुगात तेथे मोठी सरोवरे होती. ती आटल्यावर मागे मिठाने पांढरी पडलेली मैदाने राहिली आणि तेथील भुंगेरे एकमेकांपासून दुरावले. त्यांपैकी विलिस्टोनी जातीची अळी जमिनीत उभे बीळ करून राहते आणि त्याच्या तोंडाभोवती मातीचा लहानसा बुरूज रचते. त्यामुळे तापलेल्या जमिनीपासून ती थोडी उंचावर राहते. बिळाचे तोंड डोक्याने झाकून ती भक्ष्याची वाट पाहते. पाठीवरील आकड्यांमुळे तिला बिळाबाहेर ओढणे कठीण जाते.

डेथ व्हॅलीच्या परिसरातील या जातीच्या कीटकांना नॉर्मन रंप यांनी १९५६ साली ‘प्रेडिक्टा’ हे उपजातीचे नाव दिले. त्याच वर्षी त्यांनी अमार्गोसी या जातीची नेवाडातील ‘नायेन्सिस’ ही उपजातीही वर्णिली. अमार्गोसा हे तेथील नदीचे नाव. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ ‘कडू’ असा आहे.

उपजातीचे वर्णन करणे म्हणजे केवळ नाव ठेवणे नव्हे. एका कीटकावरून काहीच ठरत नाही. ठिकठिकाणचे अनेक नमुने शेजारी मांडून पंखांवरील पांढऱ्या रेषांची रुंदी, रंग व शरीराची लांबी तपासावी लागते. प्रत्येक नमुन्याला स्थळ व दिनांक लिहिलेली चिठ्ठी जोडलेली असते; ती हरवली, तर नमुना जवळजवळ निरुपयोगी ठरतो. एक नमुना त्या नावाचा आधार म्हणून संग्रहालयात जपला जातो. येथे सावधगिरीही हवी. पांढऱ्या मातीवरील कीटक पांढरट होण्याकडे झुकतात. त्यामुळे केवळ रंग जुळला म्हणून दोन ठिकाणचे कीटक जवळचे आप्त ठरत नाहीत. आज आनुवंशिक द्रव्याची तुलना करून जुने निष्कर्ष पुन्हा पारखले जातात.

या सूक्ष्म भेदांचा उपयोग काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर नेब्रास्कातील लिंकन शहराजवळ मिळते. तेथील खाऱ्या दलदलीतील कीटकाला टॉमस केसी यांनी १९१६ साली ‘लिंकनियाना’ असे नाव दिले. आज तो नेवाडिका जातीची उपजाती मानला जातो. शहराची वाढ, शेती व पाण्याचा निचरा यांमुळे त्या भागातील खाऱ्या दलदलींचा ९० टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झाला किंवा बिघडला. काही वर्षांच्या गणतीत तर प्रौढ कीटक अवघे काही शेच आढळले. शेवटी २००५ साली कायद्याने या उपजातीला संकटग्रस्त म्हणून संरक्षण दिले. तिचे वेगळेपण कोणी नोंदलेच नसते, तर इतरत्र नेवाडिका जातीचे कीटक आहेत एवढ्यावर तिचा नाश दुर्लक्षिला गेला असता.

आपल्याकडेही कच्छचे रण, सांभर सरोवर व बुलढाणा जिल्ह्यातील लोणार अशी क्षारयुक्त स्थाने आहेत. ओसाड दिसणारी जमीन निरुपयोगी समजण्यापूर्वी तिच्यावर कोण राहते, हे पाहिले पाहिजे. विद्यार्थ्यांनी कीटक न मारताही स्थळ, दिनांक, माती व पाण्याचे अंतर यांची नोंद ठेवावी. शास्त्रीय वर्णनाचा आरंभ अशाच काटेकोर नोंदीतून होतो.